पिशवीत टाळ आणि पुण्यात दोन संगीत नाटकं

पुण्याहून परत आल्यापासून आमच्या धामणगाव बढ्यात जो तो विचारतो, "काय पाह्यलं वं पुण्यात?" शनिवारवाडा पाहिला का, सारसबाग पाहिली का, पर्वती चढलात का. नाही बापा, यातलं काही म्हणजे काही पाहिलं नाही. आम्ही दोन दिवसांत दोन संगीत नाटकं पाहिली, मोजून सात बटाटेवडे खाल्ले, आणि एका भल्या गृहस्थाला सळो की पळो करून सोडलं. हे रस्त्यात उभ्या उभ्या सांगायला गेलं की मी हसत सुटते आणि मधलंच आधी सांगून बसते. म्हणून एकदाचं पहिल्यापासून लिहून काढते.

आम्ही म्हणजे मी सुनंदा आणि माझी मैत्रीण शोभा. आमचा मळा आहे, मिरची-वांग्यांचा. पण गावात मला ओळखतात ते पेटीवाली म्हणून. राम मंदिरात दर गुरुवारी बायांचं भजन असतं, तिथं मी पेटी वाजवते आणि शोभा म्होरक्या. तिनं ओळ टाकायची, आम्ही तेरा जणींनी ती उचलायची. आमच्याकडं हा नियमच आहे. म्होरक्यानं ओळ टाकली आणि कोणी उचलली नाही, तर तो म्होरक्याचा भर मंदिरात अपमान. मग पोटात दुखत असो की घरी भांडण झालेलं असो, ओळ उचलायचीच. बावीस वर्षं आम्ही शोभाच्या ओळी उचलल्या.

गेल्या वर्षी तिच्या गळ्यातली गाठ काढली. ऑपरेशन चांगलं झालं, डॉक्टर म्हणाले, गा खुशाल. पण शोभा काही गाईना. एकदा घरी, कोणी नसताना, तिनं आवाज लावून पाहिला म्हणे, आणि तिची नेहमीची उंच पट्टी, काळी चार, लागलीच नाही. तेव्हापासून तोंड बंद. तिच्या जागी मी ओळ टाकायला लागले. माझा आवाज कसा आहे हे मी सांगणार नाही, पण मंडळातल्या सगळ्यांत वडीलधाऱ्या अनुसयामाय एकदा म्हणाल्या, "सुनंदे, तू पेटीच वाजव माय, रामाले वनवास एकदा झाला तेवढा पुरे."

आणि दिवाळीनंतरच्या एका गुरुवारी शोभा तिचे पितळी टाळ घेऊन माझ्या ओट्यावर आली. तिच्या आईकडून आलेले टाळ, लाल दोरीचे. म्हणाली, "ठेव तुह्यापाशी. मले आता काय काम त्याईचं?" मी घेतले.  ती गेल्यावर मात्र मी चुलीपुढं बसून हमसून रडले. शोभा गायची थांबली म्हणजे काय हे मलाच ठाऊक. माझी पेटी तिच्या आवाजाला चिकटूनच मोठी झाली होती.

शोभाची पोरगी पल्लवी पुण्यात नोकरी करते. तिचा फोन आला, की इथं दोन दिवसांचा संगीत नाटकांचा महोत्सव आहे, शनिवार-रविवार, आईला घेऊन या मावशी, तिकिटं मी काढते. मी तिथल्या तिथं हो म्हटलं. शोभा म्हणाली, "मी नाही येत." मी म्हटलं, "नको येऊ. मी एकलीच जातो, हरवली तं तुह्या पोरीच्या माथी." तेव्हा कुठं तयार झाली. अनुसयामायला आमचं जाणं पटलं नाही. "एवढ्या दूर गाणं ऐकाले? गाणं काय इथं सरलं का?"

निघताना मी पिशवीत कपड्यांच्या खाली ते टाळ ठेवले. का ठेवले? खरं सांगू, मला माहीत नाही. देवाला नैवेद्य दाखवतो तेव्हा तो खाईल असं कोण समजतं? तरी ठेवतोच की.

शनिवार

प्रवासाचं काही सांगत नाही, गाडीत दोघी झोपलो होतो. पल्लवीचं घर अकराव्या मजल्यावर. शोभा गॅलरीत गेली, खाली पाहिलं आणि कठडा धरून तशीच मागं मागं घरात आली. "खाली कोणाले आवाज द्याचा असंन तं?" तिनं विचारलं. पल्लवी म्हणाली, "आई, इथं कोणी कोणाला आवाज देत नाही." 

मी डबा उघडला. कळण्याची भाकर, मिरच्या भाजून कुटलेला खुडा, लसणाची चटणी, भाजलेले शेंगदाणे. ज्वारीत उडीद घालून दळलेलं कळणं त्या पोरीनं किती महिन्यांनी पाहिलं असेल कोण जाणे! पल्लवी कंपनीत मोठ्या हुद्द्यावर आहे, पण ओट्यापाशी उभ्या उभ्या दोन भाकरी खाल्ल्या तिनं. नाकाडोळ्यांतून पाणी, आणि हात पुढं, "मावशी, अजून थोडा खुडा."

मग सूचना झाल्या. नाट्यगृहात मोबाईल बंद ठेवायचा, आत खायचं नाही, आणि मधे मोठ्यानं बोलायचं नाही. "आई, तिथले लोक लगेच मागं वळून पाहतात." आम्ही म्हटलं, हाव. पल्लवीनं आम्हाला दारापर्यंत सोडलं. दोन्ही दिवस त्याच दोन खुर्च्या आमच्या, असं ते तिकीट होतं.

आता तुम्ही कधी गेलात तर तीन गोष्टी लक्षात ठेवा. एक म्हणजे साडेपाच म्हटलं की साडेपाच. आमच्याकडं आठचा कार्यक्रम दहाला उभा राहतो आणि तोवर सतरंजीवर लेकरं झोपलेली असतात. इथं तिसरी घंटा झाली आणि दिवे गेलेसुद्धा! दुसरं, आत थंडी फार. आम्ही सुती लुगड्यात कुडकुडत होतो आणि आमच्या बरोब्बर पुढच्या खुर्चीवरचे गृहस्थ मात्र गळ्याला मफलर गुंडाळून आले होते. त्यांचं नाव आम्हाला शेवटपर्यंत कळलं नाही, म्हणून ते मफलरकाका. तिसरी गोष्ट, जमीन उतरती असते. ही गोष्ट मला कोणी आधी सांगितली असती तर बरं झालं असतं.

कारण पडदा वर गेला आणि सगळे नट हात जोडून नांदी म्हणायला लागले. देवाचं गाणं! शोभानं ताबडतोब चपला काढल्या आणि हात जोडले. मी पण काढल्या. नांदी संपली, पायांनी चाचपडतो तर शोभाची एक चप्पल गायब. घसरत घसरत पुढं गेलेली. शोभा वाकली, हात घातला आणि अंधारात तिच्या हाती आला तो मफलरकाकांचा पाय. काका दचकून अर्धे उभे राहिले. आम्ही पदर तोंडात कोंबले. हसू आलं की मला उचक्या लागतात, त्या लागल्या.

नाटक एका सोनाराच्या पोराचं होतं. राजकन्येसाठी बांगड्या घडवता घडवता प्रेमात पडतो, राजा त्याला हद्दपार करतो. गाठोडं खांद्यावर टाकून तो निरोपाचं असं गायला की माझी उचकी थांबली. गाणं संपलं, पोरगा निघून गेला, आणि सगळीकडून आरडाओरडा, "वन्स मोअर! वन्स मोअर!" मला वाटलं भांडण लागलं. तर पोरगा परत आला, गाठोडं पुन्हा खांद्यावर घेतलं आणि पुन्हा हद्दपार झाला. लोकांनी त्याला तीनदा गाव सोडायला लावलं. शोभा माझ्या कानाशी आली, "जाऊ देत नाहीत वं त्याले हे लोक. एवढी माया आहे तं राजाले सांगा नं."

पण खरं सांगायचं तर नाटक मी अर्धंच पाहिलं. माझी नजर शोभावर. तिची बोटं खुर्चीच्या दांडीवर ताल धरत होती, बरोबर समेवर पडत होती. ओठ मात्र शिवल्यासारखे.

दुसऱ्या अंकात राजकन्या एकटी, रंगमंचावर एकच दिवा, आणि पाचशे माणसांत श्वासाचाही आवाज नाही. नेमका तेव्हा माझा घसा खवखवला. खोकल्याची गोळी काढावी म्हणून मी पिशवीत हात घातला आणि झण्णऽऽण! असे घुमले ते टाळ, की राजकन्या एक शब्द चुकली. मफलरकाका सावकाश मागं वळले. "बाई," ते दबक्या आवाजात म्हणाले, "भजन गुरुवारी."

गुरुवारी असतं हे त्यांना कसं कळलं असेल? मी थक्क होऊन "हाव" म्हणून गेले.

शोभा मात्र हसली नाही. मध्यंतरात बाहेर आल्या आल्या तिनं मला भिंतीशी गाठलं. "तो माहा टाळ व्हय." आवाजावरून ओळखला होता तिनं. "कायले आणला?"

"असाच. तुले लागला तं."

"मले नाही लागत. किती खेपा सांगू? लोकं मेल्यावर दिवस करतात, मंग तरी रडनं थांबवतात. तुहं थांबतच नाही वं सुनंदे."

तिचे डोळे भरले होते, माझे पण भरले. हातात बटाटेवड्याची बशी. तिनं तोंड फिरवलं आणि वडा खाणार नाही म्हणाली. मी पण रागानं म्हटलं, नको खाऊ. मग वासानं राहवेना. तिनं एक उचलला, मग माझ्यातला अर्धा उचलला. वड्यात मिरची अशी नव्हतीच, गोडूस लागत होता, पण गरम होता. "खुडा आणाले पाह्यजे व्हता," ती म्हणाली, आणि आमचं भांडण तेवढ्यावर मिटलं. टाळांचा विषय मात्र मी पुन्हा काढला नाही.

रविवार

सकाळी पल्लवीनं आम्हाला मंडईत नेलं. वांगी पाहिली की माझा हात आपोआप देठाकडं जातो. देठ सुकलेला, दोन दिवसांचा माल, आणि विकणारी म्हणते आत्ताच आली मावशी! मी काही बोलले नाही. शोभानं माझा हात घट्ट धरून ठेवला होता, म्हणूनही असेल.

शोभा गजरा घेत होती तेव्हा पल्लवी माझ्याजवळ आली. "मावशी, आधी आईचा फोन आला ना, की ती भाजी निवडत असायची आणि बोलता बोलता मधेच गुणगुणायची. मला राग यायचा, म्हणायचे, आई, आधी बोल ना नीट. आता ती नीटच बोलते." आणि ती पोरगी ढेमशांच्या ढिगाकडं पाहत उभी राहिली.  मी तिच्या पाठीवर हात ठेवला.

संध्याकाळी पुन्हा त्याच खुर्च्या. पुढं मफलरकाका. आम्हाला पाहून त्यांनी देवाकडं पाहावं तसं छताकडं पाहिलं. शोभानं आज चपला पिशवीत ठेवल्या, आणि टाळ? टाळ मी पल्लवीकडून निघताना, वाजू नयेत म्हणून, जुन्या लुगड्यात गच्च गुंडाळून पिशवीत घेतले होते. सोडून कशी येणार?

आजच्या नाटकात एक बाई रानातल्या रस्त्यावर पाणपोई चालवते. तिचा नवरा वाटेला लागून परतलेला नाही, म्हणून ती येणाऱ्या-जाणाऱ्या प्रत्येकाला पाणी पाजते, की तिकडं कुठंतरी त्यालाही कोणी पाजत असेल. पडदा उघडला आणि एक बाई आली. मला वाटलं, ही त्या पाणपोईवालीची आई असेल. पन्नाशीची सहज, अंगानं भरलेली, केसांत पांढरं दिसत होतं. पण हिचंच नाटक. तिनं घागर उतरवली आणि गायला लागली.

"थांब जरा वाटसरा, ओंजळभर पाणी पी..."

अगंबाई, काय सांगू! खालून आला तो आवाज. जाड, जड, भिजलेल्या मातीचा. पेटीवाल्या बाईचं डोकं, मी लगेच पट्टी शोधली. काळी दोन. शोभाच्या जुन्या पट्टीपेक्षा कितीतरी खाली. बायकांना उंचच गायला पाहिजे असं आम्ही बावीस वर्षं समजत होतो, आणि ही बाई खाली, आरामात, विहिरीच्या पायऱ्या उतरत गेल्यासारखी गात होती.

शोभा खुर्चीच्या टोकाशी आली होती. तिनं गजरा तोडून हातात घेतलेला, पाकळ्या मांडीवर पडलेल्या.

बाईनं ती ओळ पुन्हा घेतली, तबला थांबला, नुसता ऑर्गनचा सूर लांबत राहिला. तिनं हात पुढं केला, ओंजळ धरली, आणि गप्प झाली. नाटकातला तो विसावा होता, वाटसरू पाणी पितो तेवढा.

आणि माझ्या शेजारून आवाज आला. "थांब जरा वाटसरा, ओंजळभर पाणी पीऽऽ."

पूर्ण ओळ. खणखणीत. उचलली तिनं!

तिला कळलंच नव्हतं हो. म्होरक्यानं ओळ टाकली, जागा मोकळी सोडली, आता ही बाई भर सभेत एकटी पडणार, तिचा अपमान होणार, म्हणून बावीस वर्षांच्या सवयीनं शोभाचं तोंड उघडलं. पाचशे माणसांत एकटी शोभा. पुढच्या तीन रांगा वळल्या. कुणी शूऽऽ केलं. मफलरकाका तर आख्खे फिरले.

रंगमंचावरची बाई क्षणभर अंधारात पाहत राहिली. मग तिची मान हलली, जरा, आपण सून चांगली भाकरी थापताना पाहिली की हलवतो तशी. आणि ती पुढच्या ओळीवर गेली.

शोभानं दोन्ही हातांनी तोंड दाबून धरलं होतं. मी तिचं मनगट पकडलं.  मला हसायला येत होतं, रडायला येत होतं, उचकी पण लागली, आणि उठून नाचावंसं वाटत होतं. गाणं संपलं तसा वन्स मोअर झाला. बाई पुन्हा पहिल्या ओळीला आली, तेव्हा काका झटकन वळून शोभाला म्हणाले, "आता नाही हं! आता अजिबात नाही!"

नाटक सुटल्यावर आम्ही मान खाली घालून बाहेर पडलो, तर दारापाशी काका उभे. मी पदर सावरला, म्हटलं आता काढतात आमची खरडपट्टी.

"काल टाळ, आज गाणं," ते म्हणाले. "उद्या येणार असाल तर आधी सांगा, मी घरी थांबेन."

"उद्या नाटकच नाही नं काका," शोभा म्हणाली, अगदी खरं सांगावं तशी.

काकांनी मफलर सोडला, पुन्हा गुंडाळला. "सूर बरोबर होता," ते म्हणाले. "वेळ चुकली." आणि रिक्षाला हात करत निघून गेले.

आम्ही पायऱ्यांवर बसलो, पल्लवी यायची होती. शोभानं लुगड्यावर राहिलेल्या गजऱ्याच्या पाकळ्या वेचून टाकल्या. मग म्हणाली, "कोणाचा व्हता वं तो आवाज?"

"तुहाच."

"खोटी बोलू नको. माहा असा नव्हता. म्हशीवानी निंगाला."

"म्हैस तं म्हैस. दूध देते नं?"

तिनं माझ्या पाठीत जोरात गुद्दा घातला आणि खो खो हसत सुटली. हसता हसता माझ्या खांद्यावर डोकं टेकून रडली. लोक वाट काढून पुढं जात होते. मी विचारलं नाही, आता गाशील का. जीभ शिवशिवत होती, तरी विचारलं नाही. पल्लवी आली आणि दोघींना एवढं लाल झालेलं पाहून घाबरलीच. "काय झालं? काय केलंत तुम्ही?" मी म्हटलं, "तुझ्या आईला विचार." तिच्या आईनं पदरानं तोंड पुसलं आणि भूक लागली म्हणाली.

गुरुवार

सोमवारी परत आलो, मंगळवारी मिरची तोडली, बुधवारी तोडली. शोभा बांधावरून दिसायची, हात हलवायची, आपल्या कामाला लागायची. पुण्याचं नावही काढायची नाही. संध्याकाळी मंदिरात मी सगळ्या बायांना नाटकाचं सांगितलं, पोरगा तीनदा हद्दपार झाला ते, वन्स मोअर म्हणजे काय ते. शोभानं ओळ उचलली हे सांगितलं नाही. ते तिचं होतं. अनुसयामायनं सगळं ऐकून घेतलं आणि म्हणाल्या, "मंजे चांगलं झालं तं नुसतं हात जोडून ऐकाचं नाही, पुन्हा मांगाचं? बरं आहे बापा."

गुरुवारी दुपारी चारला मी पेटी काढली, भाता सोडला, नेहमीप्रमाणं काळी चारवर बोट ठेवलं. बाया जमल्या. आणि शोभा आली. धुतलेलं लुगडं, डोक्यात गजरा. थेट माझ्यासमोर बसली आणि हात पुढं केला.

"टाळ."

माझ्या पिशवीत होते. कुठं जाणार? मी दिले. तिनं दोरी बोटांना गुंडाळली, घशाशी हात नेला, तिथल्या व्रणावरून बोट फिरवलं, आणि म्हणाली, "काळी दोन दे."

मी दिली. 

"थांब जरा वाटसरा, ओंजळभर पाणी पी..." रामाकडं पाहून म्हटलं तिनं. वनवासाला निघालेल्यालाच सांगत असल्यासारखं. आवाज जाड होता. खाली होता. वर जाताना एका ठिकाणी चिरला, तिनं तो तसाच सोडला आणि पुढं गेली. ओळ संपली. तिनं टाळ वाजवला, डोळे मिटले आणि जागा मोकळी सोडली, आम्ही उचलावी म्हणून.

कोणी उचलली नाही.

तेरा जणी बसल्या होत्या, एकीच्याही तोंडून सूर निघेना. मी पेटीचा भाता हलवायचा विसरले. सगळ्या नुसत्या ऐकत होत्या, तोंडं उघडी टाकून.

शोभानं डोळे उघडले. "काऊन वं?" तिनं भांबावून आमच्याकडं पाहिलं, चेहरा पडायला लागला. "उचला नं. काय झालं? एवढं वाईट म्हनलं का मी?"

तेव्हा मागच्या भिंतीपासून अनुसयामायचा आवाज आला. म्हातारी दोन्ही हात जमिनीला टेकून, जीव काढून ओरडली, "वन्स मोअर!"